तालीम आमच्याच घरी

शनिवारी दुपारी चार ते सहा. आठवड्यातले एवढे दोन तास माझे होते आणि ते मी जिवापाड जपत होते. बाकीचे तास कुठे जायचे ते सांगत बसले तर तुम्हाला जांभया येतील. यांना पक्षाघात झाला त्याला अडीच वर्षं झाली. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि वाचा गेली. तेव्हापासून बंगळुरूच्या बनशंकरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी उठते ती यांच्या वेळेने आणि निजते तीही यांच्याच वेळेने. मुलगी पुण्यात असते. रोज फोन करते आणि शेवटी 'आई, स्वतःची काळजी घे गं' म्हणते. घेते हो बाई, कधी घेऊ तेवढं सांग.

वाचा गेली म्हणजे अगदीच गेली नाही. 'हो', 'नको', 'पाणी' आणि एक शिवी एवढं शिल्लक राहिलं. शिवी कोणती ते लिहीत नाही, पण ती खणखणीत येते. चौतीस वर्षं सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, मशिनांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय. डॉक्टर म्हणाले, असं पुष्कळांचं होतं, बाकी सगळं जातं आणि शिव्या टिकतात. माझं नाव टिकलं नाही, शिवी टिकली. याचं वाईट वाटायलासुद्धा मला तेव्हा सवड नव्हती.

नाटकात मी कलेच्या ओढीने गेले असं कुणाला वाटत असेल तर ते साफ चूक. आमच्या भागातल्या मराठी म्हाताऱ्याकोताऱ्यांचा एक नाट्यगट आहे. वर्षाकाठी एक एकांकिका बसवतात, बघायला येतात ती आपलीच माणसं. त्या वर्षी त्यांना एक भांडकुदळ म्हातारी हवी होती. गटातल्या कुणीतरी मला भाजीवाल्याशी कन्नडमधून हुज्जत घालताना ऐकलं होतं आणि आवाज पसंत पडला. शेजारच्या अक्का म्हणाल्या, जा तू, मी बसते यांच्याजवळ, दोन तासांचं ते काय. अक्का कन्नड, सत्तरी ओलांडलेल्या, हातात जपमाळ. त्यांच्यासमोर हे गरीब गाय होऊन बसायचे. शिवीसुद्धा गिळायचे.

तालीम व्हायची एका दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये. एकोणीस पायऱ्या, लिफ्ट नाही, गुडघे बोंबलायचे. पण वर पोचलं की खुर्ची मिळायची आणि खुर्चीत बसलं की कुणीतरी हातात चहा आणून द्यायचं. आयता चहा. तो थंड व्हायच्या आत मला प्यायला मिळायचा. नाटक दोन विधवा बहिणींचं होतं, एका घरात राहतात आणि तेरा वर्षं एकमेकींशी अबोला धरून आहेत. मी थोरली. धाकटीचं काम करणाऱ्या वहिनी नागपूरच्या, मुलाच्या नोकरीपाठोपाठ इथे आलेल्या. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या के. आर. पुरमहून निघून, मॅजेस्टिकला मेट्रो बदलून यायच्या आणि तरी माझ्या आधी हजर असायच्या. घरात सून चांगली आहे हो, म्हणायच्या, पण दिवसभर तिच्या मीटिंगा, मी बोलू कुणाशी, भिंतीशी?

नाटकात थोरली आपल्या मेलेल्या नवऱ्याच्या फोटोशी भांडते असा एक प्रवेश होता. तुम्ही मेलात आणि सुटलात, माझ्या गळ्यात सगळं टाकून गेलात, असं ती त्याला बोल बोल बोलते. ते भाषण मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आमचे दिग्दर्शक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते म्हणाले, बाई, तुम्ही याआधी काम केलंय का कधी? मी म्हटलं, नाही हो, घरीच. खरं सांगायचं तर तिथे मला घसा फोडून ओरडायला मिळत होतं. घरी मी ओरडू शकत नाही. घरी आजारी माणूस आहे, हळू बोलायचं, हसून बोलायचं, धीर द्यायचा. भिंतीवरच्या खोट्या फोटोला मी जे सुनावायचे ते कुणाला सुनावत होते हे मला कळत होतं, आणि त्याची लाज वाटायची, आणि तरी मी शनिवारची वाट बघायचे. पायऱ्या उतरताना गुडघे दुखायचे नाहीत.

मग अक्कांच्या लेकीचं बाळंतपण आलं. त्या तीन महिन्यांसाठी मैसूरला गेल्या. मी एजन्सीतून माणूस बोलावला. पहिल्याला यांनी स्टीलचा पेला फेकून मारला, डाव्या हाताने, नेम बरा लागला. दुसरा स्वतःच फोनमध्ये डोकं घालून बसला, आणि मी परतले तर हे ओल्या अंगाने खुर्चीत. तिसरा बोलवायचं माझं धाडस झालं नाही. अण्णांना फोन करून सांगितलं की मला यायला जमणार नाही, दुसरी थोरली बघा. फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून रडले. रडणंही उरकूनच घेतलं, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन. आवाजात उत्साह नुसता. म्हणाले, आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय, तुम्ही नाटक सोडायचं नाही. तुम्हाला येता येत नाही ना, मग तालीम तुमच्याकडे येईल. शनिवारी चारला आम्ही आठजण तुमच्या घरी.

मी म्हटलं, "अहो, कशाला उगाच."

आता यात माझीच चूक आहे. पण आपल्यात नाही म्हणायची हीच रीत ना? आणि दुसऱ्याने तिला संकोच समजायचं हीसुद्धा रीतच. कुणी वाढायला आलं की आपण पानावर हात आडवा धरतो आणि वाढणारा त्या हाताच्या बाजूने वाढतोच. अण्णा हसले. म्हणाले, आमची अडचण करून घेऊ नका, आम्ही काही परके नाही. मी आणखी एकदा म्हटलं, तुम्हाला सगळ्यांना त्रास. ते म्हणाले, त्रास कसला, आपल्याच माणसासाठी करायचं नाही तर कुणासाठी? तिसऱ्यांदा मी काहीच बोलले नाही. माझे दोन तास तिथेच गेले, अगदी प्रेमाने गेले.

भीक नको पण कुत्रा आवर, असं झालं मला. शनिवारी दुपारी दोनपासून माझी धावपळ. यांची दाढी, आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, कारण आठ माणसं बघणार. सोफा भिंतीला, टीपॉय बाल्कनीत. आठजणांचे पोहे, त्यात एकाला दाणे चालत नाहीत, एकाला मिरची सोसत नाही. आठ चहा, त्यातले तीन बिनसाखरेचे आणि एक स्वल्प साखरेचा. त्या एकीच्या तोंडी चाळीस वर्षं इथे राहून कन्नडच बसलंय, 'थोडी' म्हणता येत नाही. मदत करायला सगळे पुढे व्हायचे आणि प्रत्येकजण विचारायचा, गाळणी कुठे, चमचे कुठे, दूध कुठलं घेऊ? त्यापेक्षा मीच केलेलं बरं. मी धाकटीला टोमणा मारायचे, वळून स्वयंपाकघरात पळायचे, गॅस बारीक करायचे आणि पुढचं वाक्य तिथूनच म्हणायचे. अण्णा म्हणायचे, छान, छान, घरगुती वाटतंय.

आणि हे. हे खुर्चीत बसून बघायचे. कारखान्यातल्या जुन्या ओळखीच्या माणसांसमोर व्हीलचेअरवर जायचं नाही म्हणून अडीच वर्षं घराबाहेर पडले नव्हते. आता आठ माणसं घरात, आणि हे मान ताठ करून पहिल्या रांगेत.

पहिल्या शनिवारी फोटोचा प्रवेश आला आणि सगळे चुळबुळायला लागले. जिवंत नवऱ्यासमोर, तोही असा बसलेला, बायको मेलेल्या नवऱ्याला बोल लावणार. नागपूरच्या वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. अण्णांनी चष्मा पुसला आणि जाहीर केलं की तालमीपुरता नवरा मेलेला नको. तो अमेरिकेला मुलाकडे गेलाय असं धरू. फोटो म्हणजे व्हिडिओ कॉल समजा. मग काय, दोन्ही बहिणी विधवा न राहता नवरे परदेशी गेलेल्या बायका झाल्या. तेरा वर्षं. वाक्यं बदलत बदलत कशाला काही अर्थ राहिला नाही. तुम्ही मेलात आणि सुटलात या जागी मला म्हणावं लागे, तुम्ही अमेरिकेला गेलात आणि सुटलात. त्यावर आवाज चढेना माझा. तेवढं एक ओरडणं होतं, तेही गेलं.

असे तीन शनिवार झाले. चौथ्या शनिवारी मी त्या प्रवेशात उभी राहिले, भिंतीकडे बोट करून म्हटलं, अमेरिकेला गेलात, आणि मागून आवाज आला.

"मेला."

हेच. डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटून पुन्हा म्हणाले, मेला. मी दळण टिपताना, भाजी चिरताना मूळ संवाद घोकायचे ते यांनी ऐकून ठेवले होते. चुकीचं काम खपवून घ्यायचं नाही हा कारखान्यातला बाणा. अण्णा हसायला लागले आणि सगळेच हसले, आणि हेसुद्धा, अर्ध्या तोंडाने, खांदे हलेपर्यंत. अडीच वर्षांत आलेला पहिला नवा शब्द. प्रॉम्प्टिंग करणारे काका, कापडाच्या दुकानातून निवृत्त झालेले, यांच्याजवळ खुर्ची घेऊन बसले आणि वही यांच्या मांडीवर उघडून ठेवली. त्या दिवसापासून हे दोघे मिळून प्रॉम्प्टर. नवरा पुन्हा मेला. मी भाषण म्हटलं, पण हळू, कसंबसं, कारण ज्याला ऐकवायचं तोच वहीवर बोट ठेवून बसलेला.

मग तर विचारूच नका. बोलायला शिकवणारी थेरपिस्ट म्हणाली, हेच हवं होतं, हे बंद करू नका. मुलगी व्हिडिओवर रडली. आई, तुझ्या नाटकाने बाबा बरे होतायत, म्हणाली. महिन्याभरात 'चूक', 'पुन्हा', 'चहा' असे शब्द आले, सगळे शनिवारी आले. मी सोमवार ते शुक्रवार त्यांच्यापुढे चित्रांची पुस्तकं धरायचे, हा काय, आंबा, म्हणा आंबा. ते तोंड फिरवायचे. शनिवारी आठ माणसं आली की बोलायचे. मला आनंद झाला नाही असं नाही. झाला. पण त्या आनंदाखाली मी इतकी दमले होते की बसल्या जागी डोळे मिटायचे, आणि तक्रार कुणाकडे करणार? नवरा सुधारतोय म्हणून रडणारी बाई कुणी बघितलीय? सहनही होत नाही आणि सांगताही येत नाही, अशातली गत.

शेवटी मी खोटं बोलले. एका शनिवारी पोहे करून ठेवले, चहाचं पाणी मोजून ठेवलं आणि म्हटलं, नाटकाची पातळं बघायला मला चिकपेटच्या कापडबाजारात जायला हवं, माझं कामही आज नागपूरच्या वहिनींनीच वाचावं. सगळे म्हणाले, जा, जा, आम्ही आहोत ना. आणि मी बनशंकरी स्टेशनवर जाऊन मेट्रोत बसले.

चिकपेटला उतरले. गर्दी, गाठोडी, हमाल, ऑटोवाल्यांची ओरड. दोन दुकानांत शिरले. दुकानदार गठ्ठे उलगडत होता आणि मी नुसती बघत होते. आत्ता फक्त बसायचं होतं मला. तिथे बसायला जागा म्हणजे दुकानातली गादी, आणि गादीवर बसलं की काहीतरी घ्यावं लागतं. एका पायरीवर टेकले तर मालकाने उठवलं. दोन तास हातात होते आणि जायला ठिकाण नव्हतं. मला जिथे जायचं होतं ती तालीम आता माझ्याच घरात चालली होती, आणि घरात गेले की मी थोरली नव्हते, गाळणी कुठे ते सांगणारी बाई होते. पातळ न घेता परत फिरले.

सव्वापाचला जिना चढले. दाराशी चपलांचा ढीग, आतून हसण्याचा आवाज. किल्लीने हळूच दार उघडलं. हे आणि प्रॉम्प्टरकाका शेजारी बसले होते, आणि यांच्या डाव्या हातात कप होता. स्वतः धरलेला. स्वतः पीत होते, थोडा शर्टावर सांडला होता, त्याचं कुणाला काही नव्हतं. माझ्याकडून घेताना हे कप कधी धरत नाहीत. मी ओठाला लावते, पुसते, पुन्हा लावते. त्यांनी मला दारात बघितलं आणि त्यांचा हात खाली आला. कप टेकवला, खांदा पाडला आणि माझी वाट बघत बसले. मी रुमाल घेऊन गेले आणि शर्ट पुसला. बाकीच्यांनी विचारलं, मिळालं का पातळ? मी म्हटलं, रंग बरे नव्हते.

सगळे गेल्यावर सात वाजता मी मऊ भात कालवून यांच्यापुढे बसले. एक घास दिला, दुसरा दिला. तिसरा हातातच राहिला. काय झालं कोण जाणे, ठरवलेलं काही नव्हतं, पण बोलून गेले.

"अहो, मला ही तालीम घरात नकोय. तुमच्यासाठी चांगली आहे, मला माहितीये. पण मी नाटकाला नव्हते जात हो. मी तुमच्यापासून लांब जात होते. मला आठवड्यातून दोन तास तुम्ही नको असता."

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात असं कधी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते अशा माणसाला, ज्याला उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. आता शिवी येणार, मी वाट बघत होते. आली असती तर बरं वाटलं असतं. ते माझ्याकडे बघत राहिले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शब्द शोधताना त्यांच्या कपाळावरची शीर फुगते, ती फुगली. डाव्या हाताने त्यांनी माझ्या हातातला घास बाजूला केला.

"मला," म्हणाले. "मला पण."

आधी मला कळलंच नाही. मग कळलं, आणि राग आला, खोटं कशाला सांगू. अडीच वर्षं मी हाडाची काडं केली आणि यांना मी नको? ताट आपटून स्वयंपाकघरात गेले. नळ सोडून भांडी घासायला घेतली, मोठमोठ्याने. तिथे उभी असताना तो कप आठवला, डाव्या हातातला. दिवसाचे चोवीस तास कुणी तुमचं तोंड पुसत असेल, आंबा म्हणा, आंबा म्हणा करत असेल, तर तुम्हाला काय वाटेल? मला वाटलं असतं, पेला फेकून मारावा. मी बाहेर आले तेव्हा ते चमच्याने भात खात होते. निम्मा खाली पडत होता. मी समोर बसून राहिले आणि हात मांडीखाली दाबून धरले.

रविवारी अण्णांना फोन केला आणि या वेळी कशाला उगाच म्हटलं नाही. सरळ सांगितलं की तालीम हॉलवर न्या, मी येते. ते दुखावले. तुमच्यासाठीच केलं होतं सगळं, म्हणाले. मी म्हटलं, माहितीये, म्हणूनच सांगायला इतका उशीर झाला. मग प्रॉम्प्टरकाकांनी आपणहून कळवलं की चार ते सहा ते आमच्याकडे बसतील, वहीची एक प्रत यांच्याकडे राहू दे, दोघं मिळून वाचतील. फक्त वहिनींनी, म्हणजे मी, घरात थांबायचं नाही, ही अट घातली. ती अट काकांची नाही हे मी ओळखलं.

आता अक्का परत आल्यात, तरी त्यांना शनिवारी बोलवत नाही. मी एकोणीस पायऱ्या चढते, आयता चहा पिते आणि त्या फोटोला पोटभर सुनावते. दमणूक काही गेलेली नाही, ती जायची नाहीच. पण शनिवारी पावणेचारला हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार असतात आणि घड्याळाकडे बघत असतात. मी पर्स शोधण्यात पाच मिनिटं घालवली तरी त्यांना खपत नाही. दाराकडे बोट करतात आणि म्हणतात, "जा."